दोन खाचांची स्प्रिंग

गाळा बघायला गेलो तेव्हा मामांनी आधी माझ्या चपला बघितल्या, मग माझ्या नवऱ्याचे बूट, आणि सगळ्यात शेवटी आमची तोंडं.

"कुठनं आलायसा?"

"जयसिंगपूरहून," नवरा म्हणाला.

"जयसिंगपूरला पाऊस न्हाय. मग बुटाला चिखल कुठला?"

नवरा गांगरला. मी सांगितलं, तुमच्याच दारातला नळ गळतोय, तिथला आहे. मामा उठून नळापर्यंत गेले, वाकून चिखल बघितला, परत आले आणि मगच आम्हाला बसायला सांगितलं. पुढे बारा-तेरा वर्षं मी त्यांची भाडेकरू होते. त्या सगळ्या काळात, एक प्रसंग सोडला तर, माझ्या बोलण्यावर त्यांनी याहून लवकर विश्वास ठेवल्याचं मला आठवत नाही.

मामा म्हणजे नात्याचे कुणी नव्हेत. उचगावच्या रस्त्याला त्यांचं घर होतं आणि घरापुढे रस्त्याच्या कडेला चार गाळे. एकात चहा, एकात वेल्डिंग, एक कायम बंद, आणि एकात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून आमचं मोटरसायकलच्या स्पेअर पार्टचं दुकान. सुरू नवऱ्याने केलं. पुढे त्याला गिऱ्हाइकांच्या कटकटीचा कंटाळा आला आणि तो फौंड्रीत नोकरीला लागला. काउंटर माझ्याकडे आला. मला कंटाळा आला नाही.

मामा कोर्टात बेलिफ होते. समन्स, नोटिसा, जप्तीचे हुकूम घेऊन त्यांनी नोकरीची सगळी वर्षं शिरोळ तालुक्यात मोटरसायकलवरून काढली. ज्याच्या दारात जावं तो घरात नाही, असं सांगणाऱ्या लोकांमध्ये माणसाचं आयुष्य गेलं की तो जसा होईल तसे ते झाले होते. "घरात न्हाईत म्हणलं की आत हाय समजायचं," असं ते म्हणत. "माणसं खोटं बोलत्यात, चपला बोलत न्हाईत." कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्याबाहेरच्या चपला आधी मोजायचे आणि आतली माणसं नंतर. दोन्हींचा मेळ बसला नाही तर चहा घ्यायचे नाहीत. निवृत्तीनंतरही दार एकदा वाजवून थांबणं त्यांना जमलं नाही. पुढचं दार वाजवायचे आणि लगेच मागच्या दाराकडे जाऊन उभे राहायचे. स्वतःच्या मुलीच्या घरी, कुरुंदवाडलासुद्धा. जावई एकदा मागच्या दाराने दाढीचं पाणी फेकायला आला आणि ते यांच्या अंगावर पडलं. जावयाने मुद्दाम केलं, असं मामांचं शेवटपर्यंत मत होतं. मला ते बरोबर वाटतं.

आम्ही बौद्ध. हे इथे सांगायचं कारण एवढंच की मामांचा गाळा मिळण्याआधी आम्ही शहरात बरेच गाळे बघितले होते. गाळा रिकामा असायचा, आणि आडनाव सांगितलं की तो कालच गेलेला असायचा. मामांनीही आडनाव विचारलं. गाव, गल्ली, आजोबांचा धंदा, सासऱ्यांचा धंदा, सगळं विचारलं. मी नवऱ्याकडे बघितलं, चल म्हणून. तेवढ्यात वेल्डिंगचा गाळा घेणारा तिथे आला. पाटलांच्या घरचा, बापाची बागायत असलेला. मामांनी त्यालाही तेच सगळं विचारलं आणि वर म्हणाले, "शेती सोडून वेल्डिंग कशाला? तू शेत सोडलंस का शेतानं तुला सोडलं?" तोही गांगरला. मामांचा संशय सगळ्यांवर सारखा होता. मला तेवढं पुरेसं होतं. मी खाली बसले.

करार अकरा महिन्यांचा. दर अकरा महिन्यांनी मामा स्टँपपेपर घेऊन काउंटरपुढे उभे राहायचे आणि सगळी कलमं मोठ्याने वाचायचे. दर वेळी एक नवीन असायचं. एकदा दुकानात मांजर शिरलं, तर पुढच्या करारात 'गाळ्यात कोणताही प्राणी पाळणार नाही' असं आलं. एकदा मी काउंटरमागे उभी राहून भाकरी खाल्ली, तर 'गाळ्याचा वापर निवासासाठी करणार नाही' आलं. मी सह्या करत गेले. ज्या माणसाच्या मनातलं सगळं कलमांत येतं त्याच्याशी वागणं सोपं असतं, असं मी तेव्हा समजत होते.

मामांच्या शर्टाच्या खिशात एक लहान त्रिकोणी कानस असायची. लोक पेन ठेवतात तशी. आपल्या मालकीच्या प्रत्येक वस्तूवर ते शेजारी शेजारी दोन बारीक खाचा पाडायचे. भांड्यांवर नाव घालून घेणं सगळीकडेच आहे, पण मामांच्या घरात बादलीच्या कडीवर, छत्रीच्या दांड्यावर, पोळपाटाच्या कडेला, सगळीकडे दोन खाचा होत्या. परसातल्या नारळांना तेवढ्या नव्हत्या. त्यासाठी माणूस वर चढवावा लागला असता, आणि तो वर काय करतो ते खालून दिसलं नसतं.

सगळ्यात जास्त खाचा मोटरसायकलवर होत्या. नोकरीत असताना घेतलेली, दोन सायलेन्सरची, जड गाडी. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. मामांचं ठाम मत होतं की गाडी मेकॅनिककडे गेली की चांगला पार्ट काढून वाईट घालतात. म्हणून त्यांनी कार्बोरेटरपासून ब्रेकच्या दांडीपर्यंत सगळ्यावर खुणा केल्या होत्या आणि गाडी परत आली की भिंग घेऊन तपासायचे. कुठल्याच मेकॅनिकने काही बदललेलं सापडलं नाही. तेव्हा ते म्हणाले, "हुशार हाईत. सापडू देत न्हाईत." आणि त्यांनी मेकॅनिककडे जाणंच बंद केलं. तेव्हापासून परसातच स्वतः गाडी उघडायचे. पार्ट मात्र माझ्याकडून न्यायला लागायचे, आणि तिथे सगळा प्रश्न होता.

कारण नव्या पार्टवर ते खूण करत नसत. मी एकदा विचारलं.

"खूण आपल्या मालावर करायची असती," ते म्हणाले. "ह्यो अजून तुमचा हाय."

"पैसे दिले ना तुम्ही?"

"पैसं दिल्यानं आपला होत न्हाय. टिकला म्हंजी आपला."

पार्ट टिकला असं वाटलं की मग कधीतरी गाडी उघडून त्यावर कानस फिरायची.

गाडीचा पुढचा फोर्क, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगच्या नळ्या, बसायला लागला तेव्हा नव्वदचं दशक संपलं होतं. गतिरोधक आला की पुढून ठक्क आवाज यायचा आणि मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या मामी हातभर पुढे यायच्या. मामी पंधरा दिवसांनी कुरुंदवाडला मुलीकडे जायच्या, त्या याच गाडीवरून. एसटीचा कंडक्टर सुटे पैसे देत नाही, असं मामांचं म्हणणं होतं.

"फोर्कच्या स्प्रिंगा द्या," मामा येऊन म्हणाले.

"जुनी काढून आणा. माप बघून देते."

"गाडी तुमच्याम्होरं उभी हाय की. गाडीवरनं कळत न्हाय व्हय?"

कळत नव्हतं. त्या गाडीत आधी एक फोर्क यायचा आणि नंतर दुसरा. बाहेरून दोन्ही सारखेच. आतली स्प्रिंग वेगळी. एकात लांब, बारीक तारेची. दुसऱ्यात आखूड, जाड तारेची आणि तिच्या डोक्यावर पाइपचा एक तुकडा. गाडीच्या सालावरून ठरवावं तर निम्म्या गाड्यांचे फोर्क अपघातात वाकून बदललेले. म्हणून एक नियम मी गिऱ्हाइकांना घालून दिला होता: जुनी हातात दिल्याशिवाय नवी मिळणार नाही. जुनी काउंटरवर उभी करायची, तारेची जाडी बघायची, बाहेरचा घेर बघायचा, वळ्या मोजायच्या. फक्त उंचीवर जायचं नाही, कारण जुनी स्प्रिंग बसून आखूड झालेलीच असते आणि तिच्या उंचीची नवी द्यायची म्हणजे रोगाच्या मापाचं औषध.

मामांना यात डाव दिसला. जुनी माझ्या हातात आली की मी ती ठेवून घेणार. चार दिवस ते फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून एक स्प्रिंग घेऊन आले. तिच्यावर दोन खाचा होत्याच. ती त्यांनी सोडली नाही. एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या, अशा स्थितीत मी माप घेतलं. चहावाल्या मावशी काच पुसता पुसता थांबल्या. "काय वं, लग्न लागतंय का काय तुमचं?" म्हणाल्या.

लांब, बारीक तारेची होती. माझ्याकडे एका बंद पडलेल्या दुकानाचा जुना माल होता, त्यातली एक अस्सल जोडी मी काढून दिली. दोन्ही काउंटरवर शेजारी उभ्या करून दाखवल्या. केसाचाही फरक नव्हता.

"दोन्ही एकदम बदला," मी सांगितलं. "दोन्ही नळ्यांत तेल सारखं. जवळ जवळ वळ्या असलेलं टोक वर. आणि एक नवी, एक जुनी असं करू नका."

"का?"

"एक ताठ आणि एक बसकी झाली की फोर्क तिरका ओढतो. घासतो, अडकतो. तेल अडवणारं सील जातं."

मामांनी दोन्ही स्प्रिंगा दोन हातांत तोलून बघितल्या. "आणि तुमच्या दोन खपत्यात."

"जोडीच असते, मामा. मी एक विकतच नाही."

"त्येच म्हणतोय मी," असं म्हणून ते जोडी घेऊन गेले.

वर्षभराने, कुरुंदवाडच्या वाटेवर एका गतिरोधकाला मामी गाडीवरून पडल्या आणि त्यांचा उजवा हात मनगटापाशी मोडला. मामी मात्र पडल्या असं म्हणायच्या नाहीत. "मी पडलो न्हाय," त्या प्लॅस्टरचा हात पुढे करून सगळ्यांना सांगायच्या, "गाडीनं फेकलं मला. पुढनं अडकली आणि मागनं उडाली."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच मामा शटरपुढे उभे. नेहमी मला 'वैनी' म्हणायचे. त्या दिवशी 'बाई' म्हणाले.

"बाई, तुमची स्प्रिंग ड्युप्लिकेट हाय. फोर्क अडकतोय. डाव्या अंगाला तेल गळतंय. करार म्हैनाअखेर संपतोय, म्होरं वाढवायचा न्हाय मला."

मी शटर वर केलं. करार महिनाअखेर संपतोय हे मला माहीत होतं. मला आणखी एक गोष्ट माहीत होती. मोबाइलचं दुकान टाकू पाहणारा एक माणूस गेल्या आठवड्यात दोनदा मामांच्या घरी येऊन गेला होता. दोन्ही वेळा उंबऱ्याबाहेर टोकदार काळे बूट होते, कोरे. म्हणजे मीही आता चपला बघायला लागले होते.

तेव्हा माझ्या मनात आलं ते सरळ लिहिते. स्प्रिंगचं निमित्त आहे. गाळा त्याला द्यायचा आहे आणि मला काढायला कारण हवं आहे. आणि हे कारण असं की पंचक्रोशीत बोभाटा होईल, बाईने ड्युप्लिकेट माल विकला, म्हातारीचा हात मोडला. मग मला दुसरा गाळा कुणी द्यायचं सोडा, दारात उभं करणार नाही. त्या दुपारी नवऱ्याला पाठवून दोन ठिकाणी चौकशी केली. दोन्ही गाळे कालच गेले होते.

संध्याकाळी मी मामांच्या दारात गेले. चपला बाहेर काढल्या आणि त्यांना दिसतील अशा सरळ ठेवल्या.

"मामा, तुम्ही म्हणता माल खोटा आहे. मी म्हणते खरा आहे. पंचनामा करू."

'पंचनामा' या शब्दाने मामांची मान ताठ झाली. नोकरी सुटल्यापासून तो शब्द त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं.

"पंच कोण?"

"वेल्डिंगवाले पाटील आणि चहाच्या मावशी."

"त्येंनी तुमच्या बाजूनं बोललं तर?"

"दोघेही तुमचेच भाडेकरू आहेत. माझ्या बाजूने बोलून त्यांना काय मिळणार?"

मामांनी विचार केला. "आयतवारी. सकाळी. उजेडात," म्हणाले.

रविवारी गाडी माझ्या दुकानापुढे मधल्या स्टँडवर चढवली. इंजिनखाली लाकडी ठोकळा घालून पुढचं चाक उचललं. पाना मामांच्याच हातात. मला किंवा पाटलाला ते हात लावू देत नव्हते. मामी पायरीवर प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन बसल्या. मावशींनी चहाचं दुकान उघडंच टाकलं होतं आणि पाटील उगाचच इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

"पंच म्हणून आलोय, मामा. घरातली म्हणाली, आंघोळ करून जा," तो म्हणाला.

मामांनी उजव्या नळीचं टोपण सोडवलं. शेवटचे आटे राहिले की आतल्या स्प्रिंगचा जोर टोपण उडवतो, म्हणून वरून तळहाताने दाबून, हळूहळू. टोपण निघालं. तारेच्या आकड्याने त्यांनी स्प्रिंग वर ओढली, तेल निथळू दिलं, आणि वर्तमानपत्रावर ठेवली. माझी होती. टोकं सपाट घासलेली, एका वळीवर जुन्या मालाचा हिरवा ठिपका. मी हात न लावता वाकून बघितली.

मग डावी. टोपण अगदी सहज निघालं. एवढं सहज की मी सरळ उभी राहिले. आतून जोरच येत नव्हता. मामांनी आकडा घातला, स्प्रिंग बाहेर आली. काळी, मधे गंजाचा पट्टा, आणि उजवीपेक्षा दोन बोटं आखूड.

"बघा," मामा पंचांना म्हणाले. "फरक बघा."

मी बघत होते ते वेगळं. "मामा, हिच्या वरच्या वळीवर दोन खाचा आहेत."

पाटील वाकला. मावशी वाकल्या. खाचा होत्या, शेजारी शेजारी, बारीक.

"म्हणजे ही तुमची जुनी आहे. मी दिलेली दुसरी कुठंय?"

मला वाटलं होतं, ते गडबडतील. मेकॅनिकचं नाव घेतील, निदान पाटलावर तरी येतील. मामा अजिबात गडबडले नाहीत. उलट कोर्टात साहेबांपुढे उभे असल्यासारखे हात मागे बांधून उभे राहिले.

"व्हय. जुनी माझी हाय. मीच ठेवलीया."

"एकच बदलली तुम्ही?"

"दोन्ही बदलल्या असत्या तर पुरावा कुठला राह्यला असता? एका अंगाला माझी, एका अंगाला तुमची. जी आधी बसंल ती खोटी. दुसरी नवी सीलबंद हाय घरात. ट्रंकंत. मुद्देमाल."

मावशींच्या दुकानात दूध उतू जाऊन भट्टीवर चुर्र वाजलं, तरी त्या हलल्या नाहीत. मी सांगितलेलं 'एक नवी, एक जुनी असं करू नका' हे वाक्य मामांच्या डोक्यात कसं गेलं असेल ते मला तेव्हा कळलं. बाई नको म्हणतेय, म्हणजे तिथेच काहीतरी आहे.

पायरीवरून मामी बोलल्या. आवाज चढवला नाही.

"म्हंजी माझा हात पुराव्यापायी मोडला?"

मामा वळले.

"वरीसभर मला त्या पुराव्यावर बसवून न्हेलंसा कुरुंदवाडला? ह्या हातावर तुमचं नाव गोंदलंय, त्योच मोडला की वं."

"तसं न्हाय," मामा म्हणाले. "तपास चालू हुता."

"व्हय, व्हय. तुमचा तपास, आणि फेकून दिल्यालं माणूस मी."

पाटील हसू दाबायला तोंड फिरवून उभा राहिला. मला हसू येत नव्हतं. माझा गाळा अजून अधांतरी होता. फरक दिसला होता, पण खोटी कुठली ते ठरायचं होतं, आणि मामांच्या हिशोबात उत्तर आधीच ठरलेलं होतं: इतकी वर्षं चाललेली आपली स्प्रिंग खोटी कशी असेल?

"मुद्देमाल आणा," मी म्हटलं.

मामा घरात गेले. पितळी कुलूप उघडल्याचा आवाज आला. पांढऱ्या फडक्यात शिवलेली, गाठीवर लाखेचा ठसा मारलेली वस्तू त्यांनी दोन्ही हातांवर धरून आणली आणि माझ्यापुढे केली.

"सील तुम्हीच फोडा. मी फोडलं तर तुम्ही म्हणाल बदललं."

"आणि मी फोडलं तर तुम्ही म्हणाल मी बदललं."

शेवटी ते मावशींनी फोडलं, दातांनी.

तिन्ही स्प्रिंगा माझ्या काउंटरच्या काचेवर उभ्या केल्या. सीलबंद होती ती आणि उजव्या नळीतून निघालेली ती, दोन्ही सारख्या. मी वर पोलादी पट्टी आडवी ठेवली, पट्टी हलली नाही. वर्षभर खड्डे खाऊनही उजवी बसली नव्हती. तिसरी, दोन खाचांची, पट्टीच्या कितीतरी खाली उभी होती.

मामांनी पट्टी उचलून पुन्हा ठेवली. जागा बदलून ठेवली. मग काच सपाट आहे का ते वाकून बघितलं. काच सपाट होती. मग त्यांनी आखूड स्प्रिंग हातात घेतली आणि अंगठा खाचांवरून फिरवत राहिले.

"ही माझीच हाय," म्हणाले. कुणाला सांगत होते कुणास ठाऊक.

"तुमचीच हाय," मामी म्हणाल्या. "एकदा खूण केली की तुम्ही पुन्ना बघायचंच सोडतायसा. मेकॅनिकला भिंग लावून बघत हुता. ही आत मरून पडलीया त्ये कवा बघितलासा?"

मामांनी आखूड स्प्रिंग बाजूला ठेवली. खाली बसून कामाला लागले. दोन्ही नळ्यांतलं जुनं तेल खालच्या स्क्रूमधून काढलं, डाव्या बाजूला नवं सील घातलं. नवं तेल माझ्या मापाच्या भांड्याने दोन्हीकडे सारखं ओतलं. स्प्रिंग आत सोडण्याआधी क्षणभर थांबले आणि वर न बघता विचारलं, "जवळच्या वळ्या वर न्हवं?"

"वर."

इतक्या वर्षांत माझ्याकडून मिळालेली माहिती त्यांनी तपासून न बघता वापरली ती तेवढीच. टोपणं बसली. गाडी स्टँडवरून खाली घेतली आणि पुढचा ब्रेक धरून त्यांनी फोर्क दाबला. खाली गेला, वर आला. सरळ.

"बसा मागं," मामा मामींना म्हणाले.

"आदी पाटलाला बसवा," मामी म्हणाल्या. "त्येचं हात मजबूत हाईत."

करारावर त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मामा मला 'बाई'ही म्हणत नव्हते आणि 'वैनी'ही. टोकदार बूट आणखी एकदा उंबऱ्याबाहेर दिसले, आणि या वेळी बराच वेळ. मी रॅकवरचा माल खोक्यांत भरायला लागले. माल खरा निघाला म्हणून गाळा राहतो असं काही नसतं. कदाचित उलटंच. आपण ज्याच्यापुढे चुकलो त्याला रोज सकाळी दारात बघायला माणसाला आवडत नाही, आणि हा तर मालक होता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मामा आले. हातात स्टँपपेपर. भरलेली खोकी बघितली आणि म्हणाले, "कुठं निघालायसा?"

"तुम्हीच म्हणालात, वाढवायचा नाही."

"त्यो मोबाइलवाला," मामा स्टुलावर बसले, "सगळं डिपॉझिट एकदम देतो म्हणाला. भाडं बी ज्यादा. मी म्हणलो, गाळा आतनं बघून घ्या. बघायची गरज न्हाय म्हणाला. आता मला सांगा, न बघता पैसं देणाऱ्या माणसाला काय म्हणायचं?"

मी खोक्याला दोरी बांधत राहिले. "आणखी काय म्हणाला?"

"तुमच्याबद्दल म्हणाला. असली लोकं ठेवलासा तर चांगलं गिऱ्हाईक येत न्हाय म्हणाला."

"मग?"

"मी इचारलं, हे बूट माझ्याकडं यायचं म्हणून नवं घेतलासा, का दुसऱ्याचं घालून आलायसा? तीनदा आला, तीनदा कोरं. तळाला धूळ न्हाय. असला माणूस घरनं येतोय तरी कुठनं?" मामांनी मान हलवली. "त्येनं बूट घातलं आणि गेला."

मग त्यांनी करार मोठ्याने वाचला. सगळी जुनी कलमं होती, मांजराचं, भाकरीचं. शेवटी एक नवीन होतं. ते मी मागून घेऊन स्वतः वाचलं. 'मोटरसायकलच्या पुढील फोर्कच्या स्प्रिंगा भाडेकरू जोडीनेच विकेल, व त्या जोडीनेच बसवण्याची जबाबदारी सर्वस्वी खरेदीदाराची राहील.'

मी वर बघितलं. मामा रस्त्याकडे बघत होते. मी सही केली.

जाताना ते शटरपाशी थांबले. खिशातून कानस काढली आणि खाली वाकून शटरच्या कडीवर, कुलूप अडकवायच्या जागेशेजारी, दोन खाचा पाडल्या. फुंकर मारून लोखंडाचा भुगा उडवला, अंगठा फिरवून बघितला, आणि घरात गेले.

मी आणखी काही वर्षं त्या गाळ्यात होते. रोज सकाळी कुलूप काढताना खाचा बोटाला लागायच्या. मावशी म्हणायच्या, मामांनी तुम्हाला आपलं मानलं. पाटीलही तेच म्हणायचा. टिकला म्हणजे आपला, हे मामांचं बोलणं मलाही आठवायचं. असेल तसं.

पण कुलूप माझं होतं आणि कडी त्यांची. खाचा कडीवर होत्या.